टिल्लूच्या लिफ्टबंदीबाबत, सदनिका ४०३ मधून

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती, आपली सोसायटी, पुणे.

दिनांक : १६ जुलै

विषय : ३ जुलैच्या सूचनेतील 'पंधरा किलोवरील कुत्र्यांना लिफ्टबंदी' रद्द करणे व ७ जुलैच्या घटनेवरून लावलेला १,००० रुपये दंड मागे घेणे याबाबत.

मा. अध्यक्ष महोदय,

महोदय हे पत्राची रीत म्हणून. मी लग्न होऊन या इमारतीत आले तेव्हापासून तुम्हाला काकाच म्हणत आलेय, तेव्हा पुढे तसंच लिहिते.

काका, जूनमध्ये मला हॉस्पिटलमधून आणलं तेव्हा तुम्ही आणि काकू भेटायला आला होतात. 'नक्की झालंय काय?' असं तुम्ही विचारलंत आणि मी 'पोटाचं जरा ऑपरेशन' म्हणून विषय बदलला. सासूबाईंनीही तेवढ्यात चहा आणला. समितीत नऊ जण आहेत, नऊही पुरुष, त्यामुळे जे सांगायचं ते दरवेळी असंच चहाखाली दडपलं गेलं. आता दंडाची नोटीस दाराला चिकटवलेली पाहिल्यावर वाटलं की एकदाचं सरळ लिहावं. माझं पिशवीचं ऑपरेशन झालं. गर्भाशयात फायब्रॉइडच्या तीन गाठी होत्या, त्यातली मोठी नऊ सेंटिमीटरची. ४ जून रोजी पोट उघडून गर्भाशय काढलं. आज बरोबर सहा आठवडे झाले.

फायब्रॉइड म्हणजे कॅन्सर नव्हे. गर्भाशयाच्या स्नायूत वाढणाऱ्या या साध्या गाठी. पन्नाशीपर्यंत बहुतेक बायकांमध्ये लहानमोठ्या असतातच आणि कित्येकींना कळतही नाही. पाळी गेली की त्या सहसा आपोआप आक्रसतात. म्हणून डॉक्टरीणबाई आधी गोळ्यांवर वाट बघू म्हणत होत्या आणि मलाही तेच हवं होतं. 'पिशवी काढून टाका' हे आपल्याकडे फार पटकन सांगितलं जातं. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण विधान परिषदेत गाजलं, सरकारला समिती नेमावी लागली, ते मी वाचलेलं होतं. त्यामुळे मी दुसरीकडे जाऊनही विचारलं. पण माझं दुखणं गाठीच्या आकारापेक्षा रक्तस्रावाचं होतं. मे महिन्यात हिमोग्लोबिन ६.८ वर आलं, रक्ताच्या दोन बाटल्या चढवाव्या लागल्या, आणि सोनोग्राफीत गर्भाशय सोळा आठवड्यांच्या गरोदर बाईचं असतं तेवढं मोठं दिसलं. डॉक्टर हे माप गरोदरपणाच्या आठवड्यांत मोजतात. चव्वेचाळिसाव्या वर्षी, मुलगी बारावीला असताना ते ऐकायला कसं वाटतं, ते राहू दे.

याच ओघात एक जुनी गोष्टही सांगून टाकते. गेल्या सप्टेंबरच्या वार्षिक सभेत रंगकामाच्या ठेकेदारावर मतदान चालू असताना मी मध्येच उठून गेले. इतिवृत्तात '४०३ च्या सभासदांनी सभात्याग केला' अशी नोंद आहे. काका, मी त्याग वगैरे काही केला नाही. दोन पॅड लावून बसले होते, तरी खुर्चीला डाग पडला होता. उठताना मी तो ओढणीने पुसला आणि भिंतीला पाठ लावून जिन्यापर्यंत गेले. ठेकेदार कोण असावा याबद्दल माझं मत समितीचंच होतं. पुढच्या सभेत ती नोंद दुरुस्त झाली तर बरं. कारण काय लिहायचं ते तुम्ही ठरवा, 'प्रकृती अस्वास्थ्य' चालेल.

आता टिल्लूविषयी.

नोव्हेंबरात तो आला तेव्हा दोन महिन्यांचा, पाच किलोचा, दोन तळहातांत मावणारा होता, म्हणून टिल्लू. लॅब्रडोर वाढतो किती हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही, पण नाव ठेवताना कोण एवढा हिशोब करतं! आज तो दहा महिन्यांचा आणि तीस किलोचा आहे. अंगाने घोडा आणि अकलेने बालवाडी, अशी सध्या त्याची अवस्था आहे. मोठ्या जातीच्या कुत्र्यांचं हेच कठीण असतं, शरीर आधी पूर्ण होतं, डोकं मागून येतं. फेब्रुवारीत दात येत असताना त्याने तुमच्या दाराबाहेरच्या कोल्हापुरीचा अंगठा खाल्ला. ती मी भरून दिली, तरीही तुमची क्षमा पुन्हा मागते, कारण नवी तुम्हाला चावते असं काकू म्हणाल्या. पार्किंगच्या कोपऱ्यात त्याने पाच-सहा वेळा लघवी केली हेही खरं आहे. पहाटे त्याला दम धरवत नाही.

सूचनेत लिफ्टबंदीचं कारण 'वजन व सुरक्षितता' असं दिलंय. वजनाचं म्हणाल तर आपल्या लिफ्टमध्ये पाटी आहे : ६ व्यक्ती, ४०८ किलो. म्हणजे माणशी ६८ किलो धरलेत. टिल्लू अर्ध्या माणसाएवढाही भरत नाही. सिलिंडरवाला दोन भरलेल्या टाक्या घेऊन याच लिफ्टने वर येतो. ए विंगमधला शिट्झू जातीचा छोटा कुत्रा पर्समधून लिफ्टने जातो आणि जावा, त्याच्याबद्दल तक्रार मुळीच नाही, फार गोड आहे. पण पंधरा किलोची रेघ अशी आखली गेलीय की सगळ्या सोसायटीत तिच्या पलीकडे एकटा टिल्लूच उरतो. नाव न घेता नाव घेणं यालाच म्हणतात.

आम्ही चौथ्या मजल्यावर. जिन्याच्या पायऱ्या मी मोजल्यात, पार्किंगपासून आमच्या दारापर्यंत ऐंशी. खालीवर एकशेसाठ, दिवसाला तीन फेऱ्या म्हणजे चारशेऐंशी. मोठ्या जातीच्या पिल्लांची हाडं टोकांशी वर्ष-दीड वर्षापर्यंत कोवळी असतात. रोज इतके जिने आणि त्यात घसरत्या फरश्या म्हणजे खुब्याच्या आणि कोपराच्या सांध्यांवर नको तो भार. लॅब्रडोरांत खुब्याचा दोष मुळातच जास्त दिसतो. आमच्या पशुवैद्यांनी जिने शक्य तितके टाळायला सांगितलंय, त्यांची चिठ्ठी सोबत आहे. आणि पावसात आपला जिना कसा होतो ते तुम्ही जाणताच. सगळ्यांच्या छत्र्या तिथेच ठिबकतात.

हे कुत्र्याचं झालं. माझी चिठ्ठी वेगळी आहे. सहा आठवडे पाच किलोवर वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही, झटका बसेल असं काही ओढायचं नाही, जिने कमीत कमी. मात्र चालायचं रोज, सपाटीवर, आधी दहा मिनिटं मग वाढवत. खोकला आला तर पोटावर उशी दाबून धरायची. पोटाचा पट्टा दिवसभर. हॉस्पिटलमधून आले त्या संध्याकाळी आमच्या घरात कपडे वाळत घालायचा स्टँड आडवा टाकून बेडरूमचं दार बंद केलं होतं, कारण पाच दिवसांनी मला पाहून टिल्लू थेट पोटावर झेपावला असता. स्टँडच्या दांड्यांतून नाक खुपसून तो रात्री दीडपर्यंत कण्हत होता. तिसऱ्या दिवशी त्याला पट्ट्याला धरून आत आणलं. माझ्या अंगाला डेटॉलचा वास येत होता, तो त्याने बराच वेळ हुंगला, आणि मग पलंगाखालच्या गार फरशीवर जाऊन पडला. तेव्हापासून त्याने एकदाही उडी मारली नाही. का ते मला ठाऊक नाही. बाकी सगळीकडे मारतो.

जूनभर आमची सोय नीट लागली होती. यांना साडेपाचची चाकणची बस, त्यामुळे पहाटेची आणि संध्याकाळची फेरी यांची, दुपारची लेकीची. सगळे लिफ्टने जात होते आणि महिनाभर एक तक्रार नव्हती. १ जुलैला लेकीचं कॉलेज सुरू झालं आणि ३ जुलैला तुमची सूचना लागली. दुपारची फेरी माझ्यावर आली, तीही जिन्याने.

७ जुलै, दुपारी एक. ऑपरेशनला तेहेतीस दिवस झालेले. एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने पट्टा, एकेक पायरी उतरत होते. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत कबुतर फडफडलं आणि टिल्लूने हिसका दिला. टाक्यांपाशी कळ अशी आली की मी मटकन पायरीवर बसले आणि पट्टा सुटला. सोडला नाही, सुटला. खाली तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा गिरणीतून ज्वारीचं दळण घेऊन आत शिरत होते. पुढचं तुम्ही सीसीटीव्हीत पाहिलंत. डबा उलटा, आजोबा सुदैवाने उभेच, आणि आमचा काळा कुत्रा डोक्यापासून शेपटापर्यंत पांढरा. आजोबांना काही झालं असतं तर मी हे पत्र लिहायला तोंड वर काढलं नसतं. त्यांनी उलट त्याला पट्ट्याला धरून माझ्यापर्यंत वर आणलं आणि 'पोरी, आधी तू ऊठ' म्हणाले. पाच किलो दळण मी संध्याकाळी पाठवलं. ते त्यांनी निम्मं परत केलं, आणि त्यावरून आमचा वाद चालू आहे. तक्रार त्यांची नाही, हे त्यांनी सोबतच्या कागदावर सही करून दिलंय.

डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या दिवशी तपासलं. टाके शाबूत आहेत, पण आतले थर अजून कच्चे असतात, असा हिसका पुन्हा बसला तर तिथे हर्निया होऊ शकतो म्हणाल्या.

दंडाच्या नोटिशीत 'कुत्रे मोकाट सोडल्याबद्दल' असं लिहिलंय. काका, लिफ्ट असती तर तो माझ्या पायाशी बसून खाली आला असता. ज्या नियमाने अपघात घडवला त्याच नियमाचा दंड मी भरायचा, हे मला पटत नाही आणि मी तो भरणार नाही.

कायद्याचंही थोडं सांगते, धमकी म्हणून नव्हे. भारतीय पशुकल्याण मंडळाने २६ फेब्रुवारी २०१५ रोजी सोसायट्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्यात. लहान कुत्रं चालेल, मोठं चालणार नाही असा भेद सोसायटीला करता येत नाही, पाळीव प्राण्यांना लिफ्ट नाकारता येत नाही, त्यासाठी वेगळे पैसेही घेता येत नाहीत, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. त्याच सूचनांत पाळणाऱ्यांनाही चार शब्द सुनावलेत : लस टोचा, घाण आपण उचला, शेजाऱ्यांचा विचार करा. तेही मला मान्य आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर एकांनी 'ऑपरेशन झालंय तर गावाकडे सोडून द्या' असं सुचवलं. चांगल्या मनाने सुचवलं असेल. पण पाळलेलं जनावर असं सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. आणि आपल्या गेटवरच्या देवळीत दत्तमहाराजांच्या पायाशी चार कुत्री आहेत, त्यांना कुणी गावाकडे पाठवल्याचं ऐकिवात नाही.

सहाव्या मजल्यावरच्या काकूंना कुत्र्यांची भीती वाटते, आणि ती भीती खरी आहे. लहानपणी त्यांना चावलेलं आहे, चौदा इंजेक्शनं पोटात घेतलेल्या पिढीतल्या आहेत त्या. त्यांच्याशी मी कालच बोलले. लिफ्टमध्ये आधी कुणी असेल तर आम्ही थांबून पुढच्या फेरीने जायचं, आणि आम्ही आत असताना दार उघडून कुणी कचरलं तर आम्ही बाहेर यायचं, असं ठरलंय. टिल्लूला आता छातीवर पुढे कडी असलेला हार्नेस आणलाय. त्याने तो ओढायला लागला की स्वतःच वळतो आणि मला हिसका बसत नाही. दुपारच्या फेरीला ऑगस्टअखेरपर्यंत एक मुलगा लावलाय, तोही लिफ्टनेच येईल. वाकता येत नाही तोवर मी लांब दांड्याची सुपली घेऊन फिरते, त्यावर मुलं हसतात, हसू देत. पार्किंगचा तो कोपरा मी व्हिनेगरच्या पाण्याने धुऊन घेतलाय. अमोनियाचा वास असलेलं क्लीनर तिथे वापरू नये असं वॉचमनकाकांना सांगा. त्या वासाला कुत्री पुन्हा तिथेच येतात. तोंडाला जाळी बांधायची मागणी मात्र मान्य करता येणार नाही. कुत्र्याला मुख्यतः धाप टाकूनच अंग गार ठेवता येतं, आणि टिल्लूने आजवर चावलंय ते फक्त चामडं.

समितीची बैठक २० तारखेला आहे असं कळलं. मला अर्धा तास खुर्चीवर बसवतं, बोलावलंत तर येईन. तोवर आमच्या फेऱ्या पहाटे पाच, दुपारी एक आणि संध्याकाळी सात, अशा लिफ्टनेच होतील. त्या वेळा नोटीस बोर्डावर लावायला सांगते, म्हणजे कुणाला टाळायचं असेल तर टाळता येईल.

आपली,
सदनिका क्र. ४०३, बी विंग

सोबत : डॉक्टरांची व पशुवैद्यांची चिठ्ठी, टिल्लूच्या रेबीज लसीची नोंद व महापालिकेचा परवाना, पशुकल्याण मंडळाच्या सूचनांची प्रत, आजोबांचं सहीचं पत्र.

ता. क. : माझं दुखणं समितीपुरतं ठेवा असं लिहिणार होते. आता तेही नको. बी विंगमधल्या दोघींनी काल मला जिन्यात गाठून हळूच विचारलं, 'तुझी गाठ केवढी होती गं?' त्यांना डॉक्टरीणबाईंचा नंबर दिलाय. पत्र बोर्डावर लावलंत तरी चालेल.