घाम, झोप आणि ग्रोथ हार्मोन

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

जिममध्ये जड वजनं मारली की ग्रोथ हार्मोन वाढतं आणि त्याने उंची वाढते, असं तू लिहिलंस. पहिला भाग बराचसा खरा आहे, दुसरा नाही.

हे हार्मोन मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून सतत झिरपत नाही, थांबून थांबून उसळतं. बहुधा सगळ्यात मोठी उसळी रात्री गाढ झोप लागल्यावर पहिल्या तास-दीड तासात येते. व्यायामाने एक जादा उसळी मिळते, पण रमतगमत चालून नव्हे. पूर्ण वाक्य बोलता येऊ नये इतक्या जोरात किमान 10 मिनिटं पळालास, तर पाव तासात रक्तातलं प्रमाण चढू लागतं आणि व्यायाम संपता संपता शिखर गाठतं. पुढे तास-दोन तासांत ते पुन्हा खाली.

वजनांच्या बाबतीत नुसत्या जडपणापेक्षा एकूण काम आणि कमी विश्रांती महत्त्वाची. स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन उठाबशा) घे: 10 वेळा जेमतेम जमेल एवढं वजन, 3 सेट (फेऱ्या), मध्ये 1 मिनिट विश्रांती. तिसऱ्या सेटला मांड्या पेटतात, तेव्हा उसळी मोठी येते. जास्त जड वजनाच्या 5च उठाबशा मारून 3 मिनिटं बसलास तर ताकद वाढेल, उसळी लहान राहील. नुसत्या बायसेप्सने फारसं काही होत नाही. व्यायामाआधी तळलेलं किंवा गोड हाणलंस तर उसळी दबते. पोटावरची चरबीही तेच करते.

आता मुख्य गोष्ट. या घटकाभराच्या उसळीने स्नायू फुगतात असं प्रयोगांत दिसलेलं नाही. स्नायू वाढतात ते त्यांच्यावर पडणाऱ्या ताणाने आणि प्रथिनांनी. उंची तर हाडांच्या टोकांच्या वाढपट्ट्या (जिथून हाड लांब होतं) खुल्या असेपर्यंतच वाढते. वयात येताना हे हार्मोन आयुष्यात सर्वाधिक असतं, म्हणून तुला डब्यातल्या ‘बूस्टर’ पावडरींची गरज नाही (त्या विकणाऱ्यांना तुझी आहे). रात्रीचा मोबाइल बंद कर, 8 ते 10 तास झोप.

विशीनंतर ते दर दशकाला उतरत जातं. आजोबांनी तोच व्यायाम केला तरी त्यांची उसळी तुझ्यापेक्षा बरीच लहान येईल. म्हणून त्यांनी वजनं सोडायची नाहीत: त्यांच्या मांड्यांची ताकद आणि तोल या हार्मोनवाचूनही सुधारतो.

आणि मित्रांसारखी सहज म्हणून या हार्मोनची रक्ततपासणी करून घेऊ नकोस. दोन उसळ्यांच्या मधे रक्त घेतलं तर आकडा जवळजवळ शून्य, पळून आल्यावर घेतलं तर भरमसाट.

तुझे
बाबा