सीबीसी (रक्तातील पेशींची मोजणी) रिपोर्टबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

माझ्या सात वर्षांच्या मुलीचे रक्त आपल्या राजारामपुरीतील कलेक्शन सेंटरवर दिले होते. गुडघे-घोटे दुखायचे, मधूनच ताप यायचा, रात्री पाय धरून रडत उठायची. डॉक्टरांना लहान मुलांच्या संधिवाताची शंका होती.

आपला रिपोर्ट आला: हिमोग्लोबिन ८.९, पांढऱ्या पेशी ३,८००, प्लेटलेट १ लाख १२ हजार, ईएसआर (शरीरातील सूज दाखवणारी तपासणी) ९६. शेरा काहीच नाही. संधिवातात सूज एवढी असेल तर प्लेटलेट सहसा वाढतात, इथे तर तांबड्या, पांढऱ्या, प्लेटलेट अशा तिन्ही प्रकारच्या पेशी कमी. असा नमुना मशीनवर सोडून चालत नाही, रक्ताचा थेंब काचेवर पसरून त्याची स्लाइड (स्मिअर) करून पॅथॉलॉजिस्टने डोळ्यांनी पाहायची असते. रिपोर्टखाली सही पॅथॉलॉजिस्टचीच आहे. स्लाइडचा मात्र एका ओळीचाही उल्लेख नाही.

पुढे संधिवात धरून स्टेरॉइड सुरू झाले. पोरगी खेळायला लागली, आम्हाला हायसे वाटले. पण स्टेरॉइड ल्युकेमियावरही (रक्ताच्या कर्करोगावरही) काम करते, त्याने आजार काही काळ दबतो आणि नंतरच्या तपासण्यांतही नीट दिसत नाही. दुखणे परतले, अंगावर काळेनिळे डाग उठले, तेव्हा बोनमॅरो (अस्थिमज्जा) तपासणीत अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया निघाला. आता केमो सुरू आहे.

आपल्या फोनवरील प्रतिनिधी म्हणाले, "आकडे बरोबर आहेत, निदान आमचे काम नाही." आकड्यांबद्दल माझी तक्रारच नाही. सुरुवातीला ब्लास्ट (ल्युकेमियाच्या अपक्व) पेशी रक्तात दिसतातच असे नाही, हेही मला आता कळले आहे. पण कोणी पाहिलेच नसेल, तर दिसणार कशा? "स्मिअर व रक्तविकारतज्ज्ञांचा सल्ला आवश्यक" एवढे लिहिले असते, तरी स्टेरॉइडच्या आधी मॅरो तपासण्याचा विचार झाला असता. डॉक्टरांशी मी वेगळे बोलले आहे, हे पत्र आपल्या कामाबद्दल आहे.

त्या दिवशी स्लाइड केली होती का, कोणी पाहिली, मशीनने काही इशारा दिला होता का, हे १५ दिवसांत लेखी कळवावे. मशीनची मूळ नोंदही द्यावी. पैसे परत नकोत. उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

स्लाइड असेल तर कृपया टाकून देऊ नका. सध्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांना ती हवी आहे.

आपली,
मुलीची आई
कोल्हापूर

सोबत: रिपोर्टच्या प्रती, पावती