लोथलच्या नौदल दालनात टॉर्पेडोचं नेमयंत्र ठेवा

मा. केंद्रीय बंदरे, नौवहन व जलमार्ग मंत्री, नवी दिल्ली

महोदय,
सप्रेम नमस्कार.

लोथलच्या राष्ट्रीय सागरी वारसा संकुलात नौदलाचं मोठं दालन होतंय, तिथे 'निशंक' ही क्षेपणास्त्र नौका आणि सी हॅरियर विमान येणार, हे वाचून आनंद झाला. माझी मागणी मात्र टेबलावर मावेल एवढ्याच वस्तूची आहे. टॉर्पेडो डायरेक्टरची, म्हणजे पाण्याखालून सोडायच्या स्फोटक अस्त्राचा नेम धरायच्या यंत्राची, चालती प्रतिकृती. काचेच्या कपाटात नको, लोकांच्या हाताला लागेल अशी.

रॉबर्ट व्हाइटहेडने १८६६ मध्ये फ्यूमे इथे (आजचं क्रोएशियातलं रियेका) स्वतःच्या बळावर पाण्याखालून धावणारा टॉर्पेडो केला. तो लागणं ही वेगळीच गोष्ट. मे १८७७ मध्ये पेरूच्या किनाऱ्याजवळ ब्रिटिशांच्या 'शाह' जहाजाने बंडखोरांच्या 'हुआस्कार' या युद्धनौकेवर तो सोडला आणि तो चुकला. तोफेचा गोळा काही सेकंदांत पोचतो. टॉर्पेडो रमतगमत जातो, तोवर शत्रू पुढे निघून गेलेला असतो.

यावरचा तोडगा म्हणजे हे नेमयंत्र, तीन पितळी पट्ट्यांचा त्रिकोण. एक पट्टी शत्रूच्या मार्गाला समांतर धरायची आणि तिच्यावर त्याचा वेग लावायचा. दुसरी टॉर्पेडोच्या रोखाने, तिच्यावर टॉर्पेडोचा वेग. त्रिकोण पुरा करते ती तिसरी, नेमाची पट्टी. तिच्यावर डोळा लावून थांबायचं. जहाज रेषेत आलं की सोडायचा. शत्रू १२ नॉटने (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) आडवा जातोय आणि टॉर्पेडो २४ नॉटचा आहे, तर नेम ३० अंश पुढे. साइन ३० म्हणजे अर्धा, दहावीचा धडा. आणि यातली खरी गंमत अशी की या हिशेबात अंतर येतच नाही! टॉर्पेडो तिथवर पोचला पाहिजे, एवढंच. हे मुलांना फळ्यावर पटत नाही, पट्ट्या स्वतः सरकवल्या की लगेच पटतं. गणित शिकवण्यात जन्म गेला, म्हणून सांगतो.

शत्रूचा वेग आणि दिशा मात्र अंदाजानेच धरावी लागे. तिथे चूक झाली की पितळेचा काही इलाज नव्हता.

हा विषय परका वाटेल, पण हिंदुस्थानच्या बंदरांच्या रक्षणासाठी १८८०च्या दशकाअखेर ज्या टॉर्पेडो बोटी बांधल्या, त्यांतल्या एकीचं नाव 'मराठा' होतं. पाठोपाठ आलेल्या एका टॉर्पेडो गनबोटीचं नाव 'असाये', म्हणजे १८०३ मध्ये शिंदे-भोसल्यांची फौज जिथे हरली ते आपलं असई. साहेबाला विनोदबुद्धी नव्हती असं कोण म्हणतं?

प्रतिकृतीला परदेशी कंपनीची निविदा नको. अचूक आराखडा हाती द्या, कुठल्याही आयटीआयच्या कार्यशाळेत ती होईल. शेजारी दोरीने ओढता येईल असं लाकडी जहाज ठेवा, आणि मराठी-गुजरातीत चार ओळींची पाटी. नेम चुकला तर का चुकला, तेही त्या पाटीवर असू द्या.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक