हौशी वैमानिकांनाही धावपट्टी द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या दोन-तीन वर्षांत विदर्भातल्या विमानतळांच्या बातम्या सतत वाचायला मिळत आहेत. 16 एप्रिल 2025 पासून अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं. तिथेच एअर इंडियाची वैमानिक प्रशिक्षण संस्था उभी राहते आहे आणि वर्षाला 180 वैमानिक घडवण्याचं तिचं नियोजन आहे. गोंदियाजवळ बिरसीला प्रशिक्षण आधीपासून चालतं. नागपूरचा शासकीय फ्लाइंग क्लब कित्येक वर्षं जमिनीवरच होता, त्याच्यासाठी चंद्रपूरजवळची मोरव्याची धावपट्टी पुढे आली. या सगळ्याचा मला मनापासून आनंद आहे. पण या बातम्यांत एक माणूस कुठेच नसतो. पगारासाठी नाही, धंद्यासाठी नाही, निव्वळ उडण्याच्या आवडीपोटी लायसन्स काढलेला खासगी वैमानिक. मी त्यांतलाच. यवतमाळ जिल्ह्यात शेतीच्या अवजारांचं वर्कशॉप चालवतो आणि जमेल तेव्हा विमान भाड्याने घेऊन उडतो. हे 'जमेल तेव्हा' वर्षागणिक आटत चाललं आहे. माझ्या ओळखीचे जे थोडे लोक असं उडायचे, त्यांतल्या बहुतेकांचं उडणं बंदच पडलं.

का बंद पडलं असं विचारलं की लोक एका शब्दात उत्तर देतात, पैसा. ते खोटं नाही. सेसना 172 सारखं चार आसनी विमान तासाला पंधरा हजारांच्या आसपास पडतं. त्याला लागणारं एव्हगॅस, म्हणजे लहान विमानांचं खास पेट्रोल, 2022 मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याला तयार करायला घेतलं, तोवर ते परदेशातूनच यायचं. आता देशात बनतं, पण लहान गावच्या धावपट्टीवर त्याचा पंप नसतो, ड्रमने आणावं लागतं. स्वतःचं विमान घेण्याचा विचार तर कुणी करूच नये. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक वापराच्या विमानावर 40 टक्के जीएसटी आहे.

तरीही माझं ठाम म्हणणं आहे की पैसा हे दुसऱ्या नंबरचं कारण आहे. आमच्याकडे लग्नात आणि बुलेटवर याहून जास्त पैसा जातो. पैसे हातात घेऊन गेलं तरी विमान मिळत नाही, हे पहिलं कारण.

याचं गणित साधं आहे. खासगी लायसन्सला किमान 40 तासांचं उड्डाण लागतं, व्यावसायिक लायसन्सला 200 तासांचं. विमान कंपन्यांनी 2023 मध्ये विमानांच्या प्रचंड ऑर्डरी दिल्या, एअर इंडियाने 470 आणि इंडिगोने 500. त्यामागोमाग वैमानिकांची मागणी वाढली. त्याच वर्षी डीजीसीएने, म्हणजे वैमानिकांना लायसन्स देणाऱ्या केंद्राच्या खात्याने, 1,622 व्यावसायिक लायसन्स दिली. प्रशिक्षण संस्थेला 200 तासांचा विद्यार्थी समोर उभा असताना महिन्यातून एक तास मागणारा माणूस परवडत नाही. त्यात आपल्या भागात उडायला चांगला वेळ मुळातच कमी. एप्रिल-मे महिन्यांत दहा वाजले की हवा पातळ होते, इंजिन दमतं, धावपट्टी जास्त लागते आणि जमिनीवरून उठणारी गरम हवा लहान विमानाला गदागदा हलवते. पावसाळ्यात ढग खाली असतात. हिवाळ्यात पहाटे धुकं. उरतात ते सकाळचे दोन-तीन तास, आणि ते सगळे विद्यार्थ्यांच्या नावावर लागलेले. त्या पोरांचा मला राग नाही, त्यांच्या मायबापांनी वावर विकून फी भरलेली असते. पण आठवड्यातली एक सकाळही इतरांसाठी राहू नये?

विमान मिळालंच तर पुढची पायरी परवानग्यांची. उड्डाणाआधी फ्लाइट प्लॅन भरायचा, उड्डाण माहिती केंद्राचा एफआयसी नंबर घ्यायचा, हवाई संरक्षणाचा एडीसी नंबर घ्यायचा. देशाच्या सुरक्षेसाठी हे हवं, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार पुढची आहे. जिथे उतरायचं ती धावपट्टी ज्या कार्यालयाच्या ताब्यात, त्याची लेखी परवानगी. तिचं शुल्क. मग पोलिसांना कळवा, अग्निशमनाची गाडी सांगा, रुग्णवाहिका सांगा. यवतमाळ ते अमरावती हवेतून अर्ध्या तासाचाही रस्ता नाही, आणि त्यासाठी आठवडाभर फोन. एका कार्यालयातल्या साहेबांनी मला विचारलं होतं, "पण काम काय आहे तिकडे?" काम काहीच नव्हतं. अर्जावर 'उड्डाणाचे कारण' या रकान्यात काय लिहावं, हा प्रश्न मला दरवेळी पडतो. आनंदासाठी, असं लिहिलं की फाइल पुढे सरकत नाही. हेलिकॉप्टरमधून कुणी मोठा नेता यायचा असला की तीच सगळी व्यवस्था एका रात्रीत होते, हे आपण प्रत्येक निवडणुकीत पाहतो.

याच सरकारने ड्रोनच्या बाबतीत मात्र वेगळी वाट धरली. 2021 च्या नियमांनी हिरवे, पिवळे, लाल पट्टे नकाशावर आखून दिले आणि हिरव्या पट्ट्यात 400 फुटांपर्यंत परवानगीची गरजच ठेवली नाही. आज आमच्या तालुक्यात कपाशीवर ड्रोनने फवारणी होते. नियम सुटसुटीत झाले की माणसं पुढे येतात, याचा दाखला आमच्या धुऱ्यावरच आहे. मग ज्याने परीक्षा दिली, वैद्यकीय तपासणी करून घेतली, ज्याचं नाव-गाव डीजीसीएकडे नोंदलेलं आहे, त्या माणसाला एका खिडकीवर सगळं मिळायला काय हरकत आहे?

धावपट्ट्यांची कथा आपल्या वाचकांना ठाऊक आहे. 2009 मध्ये यवतमाळसह राज्यातल्या पाच धावपट्ट्या 95 वर्षांच्या कराराने खासगी कंपनीकडे गेल्या आणि आमच्या जिल्ह्याच्या वाट्याला वाट पाहणं आलं. अकोल्याच्या शिवणी विमानतळाचं विस्तारीकरण कृषी विद्यापीठाच्या जमिनीत अडकून पडलं. चर्चा होते ती मोठं प्रवासी विमान कधी उतरेल याची. लहान विमानाला लागते तेवढी धावपट्टी आजही आहे, हे कुणी बोलत नाही.

आता एक गोष्ट, जी बाहेरच्या माणसाला दिसत नाही. कमी उडणारा वैमानिक हळूहळू कच्चा होतो. उड्डाणाआधी विमानाभोवती एक फेरी मारायची असते. पंखाखालच्या झडपेतून छोट्या पेल्यात थोडं इंधन काढायचं आणि उजेडात धरून बघायचं. एव्हगॅस निळसर दिसतं, टाकीत पाणी शिरलं असेल तर ते जड म्हणून तळाशी वेगळं बसतं. मग ऑइलची काडी, टायर, पंखांच्या कडा, बिजागऱ्या. वर्षभर उडणाऱ्याचे हात हे आपोआप करतात. चार-सहा महिन्यांनी आलेला माणूस यादी हातात घेऊनही दोनदा थांबतो. उतरताना आडवा वारा आला की ते जास्तच जाणवतं. विमानाचं नाक वाऱ्याकडे ठेवून खाली यायचं आणि चाकं टेकायच्या क्षणी पायाने सरळ करायचं, हे वाचून येत नाही आणि एकदा येऊन कायमचं राहतही नाही. हात बसलेला नाही म्हणून माणूस घाबरतो, घाबरतो म्हणून आणखी कमी उडतो. अलीकडचा अनुभव पुरेसा नसला की पुन्हा प्रशिक्षकासोबत उडावं लागतं. त्यासाठी पुन्हा विमान, पुन्हा वेळ, पुन्हा पैसे. माझ्या माहितीतले बरेच जण नेमके याच टप्प्यावर सुटले. त्यांची हौस फिटली असं घरचे म्हणतात. मला ते पटत नाही, कारण ते भेटले की अजूनही वाऱ्याचं आणि ढगांचंच बोलतात.

हे दुखणं फक्त आपलं नाही. अमेरिकेत 1980 मध्ये साडेतीन लाखांहून जास्त लोकांकडे खासगी लायसन्स होतं, आता ते निम्म्याच्या आसपास आले आहेत. तिथेही नव्या विमानांच्या किमती आणि विमा आवाक्याबाहेर गेला, शहरं वाढून जुन्या धावपट्ट्यांना भिडली. पण तिथला माणूस मोकळ्या हवेत नजरेच्या भरवशावर उडताना फ्लाइट प्लॅनही न भरता जाऊ शकतो आणि लहान धावपट्टीवर स्वतः इंधन भरू शकतो. त्यांच्याकडे चांगली चाललेली गोष्ट कमी होते आहे. आपल्याकडे ती उभीच राहिली नाही.

'हे श्रीमंतांचे चोचले आहेत, कास्तकार मरत असताना विमानं कसली उडवता?' असं मला तोंडावर ऐकवलं गेलं आहे. मी कास्तकाराच्याच घरचा आहे. तालुक्याला क्रीडासंकुल मागितलं की हा प्रश्न कुणी विचारत नाही. आणि विमान ही आपल्याला परकी गोष्टही नाही. 1949 मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपुरात एकत्र यायची आणि टपाल बदलून परत जायची. देशाचं टपाल ज्या भागातून रात्रीचं उडालं, तिथल्या माणसाला दिवसा उजेडी आपल्याच जिल्ह्यावरून एक चक्कर मारता येऊ नये, याचं मला वाईट वाटतं.

मागे एकदा एका लहान धावपट्टीवर उतरलो तेव्हा कुंपणापलीकडून एका शेतकऱ्याने विचारलं, "पावसाचं इमान हाय काय जी?" नाही म्हटल्यावर त्याच्यासोबतच्या पोराने, असेल दहावीतला, पुढचं विचारलं, "हे चालवाले काय शिकावं लागते?" मी सांगितलं की 17 वर्षं पूर्ण, दहावी पास, डोळे-कान धड, परीक्षा आणि 40 तास. बापाने लगेच विचारलं, "मंग नोकरी लागते काय?" खासगी लायसन्सवर पगार घेता येत नाही, हे मी सांगितलं. बाप गप्प झाला, पोरगा मात्र पंखाकडेच बघत होता.

केंद्र सरकारने जून 2022 मध्ये राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण जाहीर केलं. हौशी लोकांनी बांधलेली विमानंसुद्धा त्यात खेळ म्हणून धरलेली आहेत. म्हणजे कागदावर आमची जागा आहे. तिला धरून माझी मागणी फार मोठी नाही. विदर्भातल्या ज्या धावपट्ट्या प्रशिक्षणासाठी दिल्या जातात, त्यांच्या करारातच रविवारची एक सकाळ आणि भाड्याने मिळेल असं एक विमान हौशी लायसन्सधारकांसाठी राखून ठेवावं. जिल्हा प्रशासन, पोलीस आणि धावपट्टीची मालकी असलेलं खातं यांची मंजुरी एकाच ऑनलाइन अर्जावर मिळावी, अर्ज फेटाळला तर कारण लिहून द्यावं. आणि एव्हगॅसचा एक पंप तरी नागपूरबाहेर असावा. बेलोऱ्याचं वेळापत्रक अजून बसायचं आहे, तेव्हा तिथून सुरुवात करणं सर्वांत सोपं. विदर्भात ज्यांच्याकडे खासगी लायसन्स पडून आहे, त्यांनी आपापल्या जिल्हाधिकाऱ्यांकडे याच मागणीचा अर्ज द्यावा, अशी आपल्या दैनिकामार्फत त्यांना विनंती करतो.

आपला,
एक खासगी वैमानिक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ