बेहड्याखालचे चोवीस शहाणे

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमची नात ओसरीत बसून हे पत्र तुम्हाला वाचून दाखवेल, या हिशेबानं लिहिते आहे. चारचौघांत लिहिते, कारण आमच्यासारखी शिबिरं भरवणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याही डोळ्यांखालून जाऊ दे.

फेब्रुवारीत तुमच्या वाडीवर, भीमाशंकरच्या अंगाला, आम्ही चोवीस जण उतरलो. सगळे निसर्ग शिकवणारे. कुणी शाळेत पर्यावरणाचे तास घेतं, कुणी सुट्टीत पोरांना गडांवर नेतं. हा विषय शाळेत सक्तीचा करा, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली सांगितलं. आमच्यातल्या निम्म्यांची भाकरी त्याच तव्यावर भाजते म्हणा ना. तीन दिवस टेंटमध्ये राहायचं, एकमेकांचे खेळ आणि उपक्रम शिकून घ्यायचे, असा बेत होता. पहिल्या रात्रीचं सत्र माझ्याकडे होतं. विषय: मुलांना निरीक्षण कसं शिकवावं.

ओढ्याकाठचं ते बेहड्याचं झाड आम्हाला लांबूनच आवडलं. सपाट जागा, पाणी जवळ. नऊ टेंट लागले. दगडानं खुंट्या ठोकल्या, चढाच्या बाजूला शेकोटीसाठी लाकडं रचली. तेवढ्यात तुम्ही गुरं घेऊन बांधावरून आलात. थांबलात. ओरडला नाहीत, हाक मारली नाहीत, सरळ माझ्यापर्यंत चालत आलात आणि हळूच म्हणालात, "बाई, वर बघितलंत का?"

वर आग्या मोहोळ होतं. एक नाही, तीन. झाडाला पान नव्हतं, म्हणजे लपायलाही काही नव्हतं. पराती टांगाव्यात तशी काळी मोहोळं उघड्या फांद्यांना लटकत होती, आणि मधूनच त्यांच्यावरून एक लाट सरकल्यासारखी माश्यांची हालचाल जायची. चोवीस निरीक्षक त्याखाली दीड तास वावरत होते. आमच्यातल्या एकानं तर त्याच झाडाच्या सालीचा फोटो काढला होता. सालीचा!

पुढचा अर्धा तास मी कधी विसरणार नाही. तुम्ही एक-एक गोष्ट सांगत गेलात, आवाज न चढवता. खुंट्या ठोकून काढायच्या नाहीत, हातानं हलवून उपसायच्या. अंधार पडायच्या आत निघायचं, कारण बॅटरी लावली की माश्या उजेडावर येतात. अत्तर-बित्तर लावलेल्यानं आधी लांब जायचं. आणि ती शेकोटी. दिवसा वारा दरीतून वर चढतो, पण "रातच्याला वारा खाली उतरतो, धूर नीट झाडावर जाईल, मग उठत्यात." आम्ही डोंगरवारे आणि दरीवारे फळ्यावर बाण काढून शिकवतो, मामा. शेकोटी कुठे रचायची याच्याशी त्या बाणांचा संबंध आहे, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

तुम्ही स्वतःचं भाताचं खाचर आम्हाला दिलंत. धसकटं टोचत होती, जमीन उतरती होती, रात्रभर सगळे घसरत टेंटच्या एका कोपऱ्यात गोळा होत होते. तक्रार कुणीही केली नाही. मामींनी हुलग्याचे शेंगोळे करून पाठवले. सोबतच्या लसणाच्या चटणीनं आमच्या शहरी मंडळींचे डोळे भरून आले, त्याला आम्ही कृतज्ञता असं नाव दिलं.

माझं सत्र झालं नाही, ते बरंच झालं. त्याऐवजी सकाळी तुम्ही देवराईत, देवाच्या नावानं राखलेल्या रानात, नेलंत. चपला बाहेर. देवरायांवर वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात केलेलं काम मी दरवर्षी शिक्षकांना सांगते. पण आमच्यातल्या एकीनं कठपुतळीसाठी वाळकी काटकी उचलली, तेव्हा तुम्ही काही न बोलता हात पुढे केलात आणि ती होती तिथेच परत ठेवलीत. जिथून उचलली त्याच जागी, त्याच बाजूला तोंड करून. त्यानंतर बराच वेळ कुणी काही बोललं नाही. माझी सगळी भाषणं त्या एका काटकीपुढे फिकी पडली.

शेकरूची घरटी तुम्ही मोजायला लावलीत. आम्ही पाच मोजली आणि पाच शेकरू जाहीर करून टाकले. तुम्ही हसलात. एकच शेकरू अशी बरीच घरटी बांधून ठेवतं. ज्याला ताजी हिरवी डहाळी लावलेली दिसते, तिथे त्याचा सध्याचा मुक्काम. असं एकच निघालं. घरटी बारीक फांद्यांच्या टोकाला का, हे मात्र तुम्ही सांगितलं नाहीत. "बघा की," म्हणालात, आणि तंबाखू मळत बसलात. आम्ही वीस मिनिटं माना वर करून उभे. जड शिकारी तिथवर पोचत नाही, हे शेवटी कुणीतरी बोललं तेव्हा तुम्ही नुसती मान हलवलीत. मी अठरा वर्षं शिकवते आहे, पण वीस मिनिटं गप्प बसणं मला अजून जमलेलं नाही. प्रश्न विचारते आणि उत्तरही मीच देऊन टाकते.

पैशांवरून निघताना झालेली हुज्जत तुम्ही जिंकलीत. खाचराचं भाडं नको म्हणालात. मामींनी मात्र शेंगोळ्यांचे घेतले, तेही मोजून. ते आम्हाला जास्त आवडलं.

आता शिबिराच्या यादीत पहिली ओळ अशी आहे: टेंट उघडण्याआधी वर बघणे, आणि वाडीत जाऊन विचारणे. दुसरी ओळ अजून ठरायची आहे, त्यावर भांडणं चालू आहेत.

मामींचा चटणीचा पितळी डबा चुकून आमच्या सामानात आला. मेच्या सुट्टीत घेऊन येते, रिकामा नाही आणणार. तोवर बेहड्यावरचं मोहोळ आहे की उठून गेलं, तेवढं नातीकडून कळवा.

तुमची,
वर न बघणारी बाई