भाऊ, कॅमेऱ्यामागच्या माणसाला

भाऊ,

हे सगळं व्हॉट्सॲपवर पाठवलं असतं तर तुम्ही एक अंगठा टाकून मोकळे झाला असता. समोर बसून बोलायला गेले तर ‘चाय सांगतो’ म्हणून उठता. म्हणून चारचौघांत लिहिते आहे, म्हणजे उठून जायची सोय नको. नाव घेत नाही, कारण ते तुम्हाला आवडणार नाही. विधान भवनाच्या गेटवर ज्यांनी एक तरी डिसेंबर काढला आहे, त्यांना ते तसंही कळेल.

नागपूर विद्यापीठाच्या जनसंवाद विभागातून बाहेर पडले तेव्हा माझ्या डोक्यात रिपोर्टर म्हणजे पीटीसी, कॅमेऱ्यात बघून बोलणं, दुसरं काही नाही. हातात बूम माइक, मागे गर्दी, शेवटी स्वतःचं नाव आणि ‘नागपूर’. मिळालं काय, तर स्ट्रिंगरशिप. बातमी लागली तर पैसे, नाही लागली तर पेट्रोल आपलं. पहिल्याच आठवड्यात तुम्ही विचारलं होतं, ‘पोरी, पाठवलेल्या स्टोऱ्या लिहून ठेवून राहिली का कुठं?’ मी हसले. तुम्ही दुसऱ्या दिवशी सीताबर्डीवरून एक लांबोडकी वही आणून दिली. तारीख, स्लग (बातमीचं छोटं नाव), फीड (शूट केलेलं चित्रण) किती वाजता गेला, डेस्कवर कोणी घेतला, लागली की नाही. पुढे बिलं अडकली तेव्हा त्या वहीवरच मला माझे पैसे मिळाले. आमच्या अभ्यासक्रमात लोकशाहीचा चौथा स्तंभ होता, स्क्रिप्ट होती, एडिटिंग होतं. आपल्या घामाचे पैसे कसे मागायचे यावर एक तास नव्हता.

बाहेरच्यांना वाटतं आमचा दिवस कॅमेऱ्यासमोर जातो. सकाळी कंट्रोल रूम, फायर ब्रिगेड, मेयो आणि मेडिकल ही सरकारी रुग्णालयं, असे फोन फिरवायचे, डे प्लॅन असाइनमेंटला पाठवायचा, आणि दहा वाजता तिकडून उत्तर येतं की यातलं काही नको, अमुक नेता एअरपोर्टवर उतरतोय, त्याचा बाइट घ्या. मग वर्धा रोडवर धावायचं. नेता काच खाली करत नाही. परत यायचं. हे वर्षभर. त्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीच्या गल्ल्यांमधून काळी-पिवळी मारबत आणि बडगे या पुतळ्यांच्या मिरवणुका, दसऱ्याला सकाळी संघाच्या मेळाव्याला रेशीमबाग आणि मग रात्र होईपर्यंत दीक्षाभूमी, मे महिन्यात ऊन. आणि डिसेंबरात अधिवेशन.

१९५३च्या नागपूर करारात विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपूरला घ्यायचं ठरलं. त्यामुळे आमच्यासारख्यांना वर्षातून काही आठवडे का होईना, राज्याची बातमी आपल्या दारात मिळते. मुंबईहून मोठे चेहरे येतात, विधान भवनाच्या पायऱ्यांसमोरची जागा त्यांची. लोकल माणसाच्या वाट्याला मोर्चे. मला सुरुवातीला याचा राग यायचा. तुम्हाला कधीच आला नाही. तुम्ही म्हणायचे, ‘पायऱ्यावाले एकच गोष्ट चार कॅमेऱ्याले सांगतात. आपण खरं काम करू.’

मोर्चात कुठं उभं राहायचं हे तुम्ही मला बोलून नाही, नेऊन शिकवलं. झिरो माइलजवळच्या गोवारी स्मारकासमोर गाडी थांबवलीत. २३ नोव्हेंबर १९९४ला गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली, ११४ माणसं गेली. बायका आणि लेकरं पुष्कळ. हे मी वाचलेलं होतं. तुम्ही एवढंच म्हणाले, ‘गर्दी आणि बॅरिकेड यांच्या मधात कधीच उभं रायचं नाही. शॉट कितीही चांगला मिळत असन.’ तेव्हापासून मॉरिस कॉलेज टी पॉइंटला पोचलं की मी आधी बॅरिकेड पाहते, मग बाजूची निघायची वाट, मग मोर्चा.

आणि थांबायला शिकवलं. चार वाजता सगळ्यांचे लाइव्ह झाले की कॅमेरे निघून जातात. पाच जणांचं शिष्टमंडळ मंत्र्यांना निवेदन द्यायला आत गेलेलं असतं. तुम्ही ट्रायपॉड काढायचेच नाही. टेकडी रोडवर अंगणवाडीच्या बाया डांबरावर बसलेल्या, शिदोरीतल्या भाकरी संपलेल्या, परतीच्या गाडीची वेळ जवळ आलेली. ते पाच जण परत आले की तुम्ही कॅमेरा त्यांच्यावर लावायचे नाही, ऐकणाऱ्या बायांवर लावायचे. एक आजीबाई होती, भंडाऱ्याकडची. माइकवर ‘आश्वासन दिलेलं आहे’ असं आलं तशी ती पायातली चप्पल शोधायला लागली. पुढचं भाषण तिनं ऐकलंच नाही. डावी सापडली, उजवी सापडेना. तो शॉट तुम्ही सोडला नाही. डेस्कनं तो शेवटी लावला आणि माझा सगळा व्हॉइसओव्हर त्यापुढे फुकट वाटला.

आता एक गोष्ट लिहिते जी आपण दोघं कधी बोललो नाही.

अधिवेशनाच्या ड्यूटीला सकाळी आठला उभं राहिलं की रात्रीचे आठ. पहिल्या वर्षी मी पाणी पीत नव्हते. फील्डवरची कुठलीही बाई सांगेल का ते. झिरो माइलचं मेट्रो स्टेशन तेव्हा झालेलं नव्हतं, आणि जी स्वच्छतागृहं होती त्यांच्या दाराला कडी असेल तर पाणी नसायचं, पाणी असेल तर कुलूप. तुम्ही दोन-तीन दिवस माझी भरलेली बाटली तशीच परत जाताना पाहिली असणार. चौथ्या दिवशी म्हणालात, ‘आज गाडी तिकडं लावू, सावली आहे.’ डिसेंबर महिना, नागपूरची थंडी, सगळे उन्हात उभं राहायला जागा शोधून राहिलेले आणि तुम्हाला सावली पाहिजे! गाडी लावली तिथं मागं एक छोटं वाचनालय होतं. तिथल्या मावशी बाहेर आल्या आणि मलाच म्हणाल्या, ‘बाई, आत ये, नळाला पाणी आहे.’ तुम्ही लेन्स पुसत होता. मान वर केली नाही.

मग कळमना मार्केटमधली मतमोजणी असो, दीक्षाभूमीची गर्दी असो, की उमरेडकडची एखादी खाण, तुम्ही आधी जाऊन बघून यायचे आणि मग ‘सावली’ सांगायचे. कुठला पेट्रोल पंप, कुठल्या बँकेची शाखा, कुठल्या शाळेतल्या बाई हसून दार उघडतात. आज माझ्या फोनमध्ये ती यादी आहे. ब्युरोत नवी मुलगी आली की सोर्सचे नंबर देण्याआधी मी तिला ती देते. कोणाची आहे म्हणून विचारलं तर सांगते, एका कॅमेरामनची. विश्वास बसत नाही.

मेडिकलच्या शवविच्छेदनगृहाबाहेरचं मात्र मला अजूनही सोपं जात नाही. अपघात झाला की डेस्कला रडणारा नातेवाईक पाहिजे असतो, आणि तो लगेच पाहिजे असतो. तुम्ही तिथं पोचल्यावर कॅमेरा खांद्यावरून काढून जमिनीवर ठेवायचे, तोंड भिंतीकडं. मग त्या लोकांशेजारी उकिडवे बसायचे. कुठून आले, सोबत कोणी मोठं माणूस आहे का, पोलिसांचा पंचनामा झाला का, शववाहिकेचं कोणी सांगितलं का. काटोलकडचा एक मुलगा, मिसरूडही नीट फुटलेलं नसेल, बापाचे कागद हातात घेऊन कुठल्या खिडकीवर जायचं ते विचारत फिरत होता. तुम्ही त्याला खिडकीपाशी नेऊन रांगेत उभं केलंत आणि त्याच्यासोबत उभे राहिलात. इकडं माझा फोन वाजत होता, बाकीच्या चॅनलवर बाइट सुरू झाले होते. तुम्ही परत आलात, माझ्या हातातून फोन घेतला आणि शांतपणे म्हणालात, ‘साहेब, इथं नेटवर्कच नाही, फीड जाऊन राहिला नाही.’

मेडिकलच्या आवारात आपल्या चॅनलपुरतं नेटवर्क नेहमीच जायचं. इतक्या वर्षांत डेस्कवर कोणाला शंका आली नसेल असं मला वाटत नाही.

संध्याकाळी तोच मुलगा स्वतःहून येऊन बोलला. रडला नाही. ज्या वळणावर गाडी उलटली तिथं दिवा नाही, गावानं अर्ज दिले होते, हे त्यानं सांगितलं. बातमी तीच होती.

२३ सप्टेंबर २०२३ची पहाट आठवते? अंबाझरी तलाव ओसंडलेला, चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, नाग नदी लोकांच्या बेडरूममध्ये. कॉर्पोरेशन कॉलनीकडं गाड्या एकमेकींवर चढलेल्या. आपण पोचलो तोवर तिथलं पाणी गुडघ्यापर्यंत उतरलं होतं. इअरपीसमधून मला सांगत होते की जरा वाकून उभी राहा, पाणी कमरेपर्यंत दिसू दे. मी तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही कॅमेरा खाली केला. ‘गुडघ्याएवढं आहे ना? मंग गुडघ्याएवढंच दिसन. ज्याच्या घरात रात्री छातीएवढं होतं तो टीव्ही पाहून काय म्हणन?’ मग आपण भिंतीवरची चिखलाची रेघ दाखवली. मी तिच्याशेजारी उभी राहिले, रेघ माझ्या खांद्याला लागत होती.

तसंच ते ५६ अंशांचं. मे २०२४च्या शेवटी रामदासपेठेतल्या कृषी विद्यापीठाच्या मोकळ्या शेतातल्या स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश दिसले आणि सगळीकडं ‘नागपूर देशात सर्वात उष्ण’ सुरू झालं. आम्हाला तर रस्त्यावर ऑम्लेट करून दाखवायची ऑर्डर होती. तुम्ही म्हणालात, ‘इतकी वर्षं उन्हात उभा आहो, छप्पन असतं तर हा कॅमेरा कधीचा बंद पडला असता. हवामान खात्याले फोन लाव.’ लावला. नंतर खात्यानंच सांगितलं की त्या केंद्राचा सेन्सर बिघडला होता. ऑम्लेट राहिलं. अंडी आणली होती ती ड्रायव्हरनं घरी नेली.

मुंबईच्या ऑफरबद्दल लोक मला अजून विचारतात, की अँकरिंग मिळत होतं तर गेली का नाहीस. काही जणांना वाटतं तुम्ही अडवलं. खरं तर तुम्ही जा म्हणाला नाहीत आणि नको जाऊ असंही नाही. धंतोलीतल्या आपल्या टपरीवर बसून तुम्ही कागदावर मुंबईचं भाडं, लोकलचा पास, आईच्या औषधांचा खर्च, वर्षातून किती खेपा नागपूरला याव्या लागतील ते सगळं मांडलं. पगार तिप्पट होता, उरत होतं जवळपास तेवढंच. मग म्हणाले, ‘जायचं असन तर बिनधास्त जा. पण ऑफर आली म्हंजे जावंच लागते असं थोडंच आहे. हे लेटर खिशात ठेव आणि इथं पगार वाढवून माग. मागाले काय जाते?’ मागितला. थोडा वाढला, मागितला होता तेवढा नाही. मी राहिले.

याचा कधी पश्चात्ताप होत नाही असं लिहिलं तर तुम्हीच हसाल. माझ्यासोबतच्या मुलीचं होर्डिंग व्हेरायटी चौकात लागलं तेव्हा सिग्नल हिरवा झाला तरी मी बघत होते, मागच्यानं हॉर्न दिला. पण मला रोज प्रॉम्प्टर वाचायचा नव्हता. मला टेकडी रोडला साडेपाचला उभं राहायचं होतं. हे मला त्या कागदामुळे कळलं, आणि असा हिशोब मांडून देणारं माणूस सगळ्यांच्या नशिबात नसतं.

मग तो दिवस आला. चॅनलनं सांगितलं की आता रिपोर्टरनं मोबाइलवरच शूट करायचं, मोबाइल स्थिर धरणारा एक गिंबल दिला आणि कॅमेरामन लोकांना निरोप दिला. मीटिंग संपायच्या आत तुमचं आयडी कार्ड जमा. मी भांडले, पत्र लिहिलं, काही झालं नाही. तुम्ही उलट मला गिंबलची बॅटरी कशी वाचवायची ते शिकवत बसला होता. त्या दिवशी तुमचा मला खूप राग आला होता, सांगून टाकते.

आता तुम्ही लग्नं आणि सोहळे करता, ड्रोनवाल्या पोरांवर चिडता, वहिनी म्हणतात घरी वेळेवर जेवता. मी एका हातात फोन आणि एका हातात बूम घेऊन फिरते. मोबाइलवर चांगलं चित्र येतं, खोटं कशाला बोलू. पण मी प्रश्न विचारत असताना माझ्या पाठीमागं काय चाललंय ते बघणारं कोणी नसतं.

तर भाऊ, आभार मानायचे होते, ते मानते. वहीसाठी, वाचनालयासाठी, मेडिकलमध्ये गेलेल्या नेटवर्कसाठी, टपरीवरच्या हिशोबासाठी. वहिनींचेही, कारण अधिवेशनात तुमच्या डब्यात माझ्या वाटणीची पोळी असायचीच.

आणि एक काम आहे. ब्युरोत दोन नवी पोरं आली आहेत, हुशार आहेत, पण मोर्चा म्हटलं की धावत जाऊन बॅरिकेडला चिकटतात. अधिवेशनाच्या आधी एखादा रविवार काढा. लग्नाची तारीख नसेल असाच सांगा, मी ड्यूटी बदलून घेईन. सकाळी यशवंत स्टेडियमपासून चालत निघू आणि टी पॉइंटपर्यंत तुम्ही त्यांना सगळं दाखवा. चाय मी सांगते.

तुमची,
नागपूर ब्युरोतली पोरगी