चौदा माणसे आणि एक यॉट : मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षे पूर्ण होत असल्याच्या निमित्ताने सगळ्या कुटुंबाला आठवडाभर खासगी यॉटवर घेऊन जाण्याचा तुझा बेत वाचून फार आनंद झाला. पाहुण्यांची यादी मोजू लागलो आणि मात्र थबकलो. तू चौदा नावे लिहिली आहेस आणि ब्रोकरला पन्नास मीटरची बोट शोधायला सांगितली आहेस, कारण तेवढ्या बोटीत चौदा जण ऐसपैस मावतील असा तुझा हिशेब आहे. मावतीलही, पण बोट कितीही लांब असली तरी बहुतेक चार्टर यॉट, म्हणजे क्रूसह भाड्याने मिळणाऱ्या बोटी, बारांपेक्षा अधिक पाहुणे घेऊन निघू शकत नाहीत. ही अडचण जागेची नसून कायद्याची आहे. समुद्रावरील जीवितसुरक्षेचा जो आंतरराष्ट्रीय करार ‘सोलास’ या नावाने ओळखला जातो, त्यानुसार बारांहून अधिक प्रवासी नेणारे जहाज प्रवासी जहाज ठरते, आणि मग त्याची बांधणी, आगीपासूनचा बचाव, जीवरक्षक साधने या सगळ्यांचे नियम इतके कडक होतात की बहुतेक मालक त्या वाटेलाच जात नाहीत. एक वर्षाखालील मूल या मोजणीत धरत नाहीत, त्यामुळे तुझ्या भाचीचे बाळ सुटले असते; पण ते आज आठ महिन्यांचे आहे आणि सहल पुढच्या ऑगस्टात, म्हणजे तोवर ते पायांनी धावत असेल.

तेरा ते छत्तीस प्रवाशांसाठी वेगळ्या नियमावलीखाली बांधलेल्या यॉट आहेत, पण त्या मोजक्या आणि फार महाग असतात. दोघातिघांना रात्री हॉटेलात ठेवून दिवसा बोटीवर बोलावण्याची युक्ती तुझ्या मनात येईल. बोट नांगरावर किंवा बंदरात असताना कदाचित ती चालेलही, पण नांगर उचलला की पुन्हा बाराच. मी तुझ्या जागी असतो तर मध्यम आकाराच्या दोन बोटी घेतल्या असत्या, दोन्ही एकाच खाडीत शेजारी मुक्कामाला ठेवल्या असत्या आणि मुलांचा गोंधळ एकीवर व वडीलधाऱ्यांची दुपारची झोप दुसरीवर अशी वाटणी केली असती.

आता पैशांचे. तुला आलेल्या माहितीपत्रकावर आठवड्याचा जो दर छापला आहे तो फक्त बोट, तिचा विमा आणि क्रूचा पगार यांचा आहे. भूमध्य समुद्रातल्या नेहमीच्या करारात इंधन, जेवणखाण, बंदराचे भाडे, फोन आणि इंटरनेट यांचा खर्च निराळा असतो, आणि त्यासाठी दराच्या साधारण 25 ते 35 टक्के रक्कम आगाऊ भरावी लागते, जिला चार्टरवाले ‘एपीए’ म्हणतात. ही रक्कम कॅप्टनच्या हाती असते. तो पावत्यांसह हिशेब ठेवतो, उरलेले पैसे परत करतो आणि कमी पडले तर मध्येच मागतो. त्यावर ज्या देशात चार्टर सुरू होईल तिथला कर, आणि शेवटी क्रूला बक्षीस, जे भूमध्य समुद्रात 5 ते 15 टक्क्यांच्या आसपास आणि कॅरिबियनमध्ये त्याहून जास्त देण्याची पद्धत आहे. थोडक्यात, छापील दराच्या दीडपट रक्कम तयार ठेवूनच बोलणी सुरू कर. कॅरिबियनमधल्या लहान कॅटामरानांवर, म्हणजे जोडतळाच्या बोटींवर, बहुतेकदा जेवणखाण आणि इंधन दरातच धरलेले असते, म्हणून दोन ठिकाणचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नकोस.

एपीए कसा उडतो ते मी स्वतः पाहिले आहे. आमच्या सहलीत मी रोज एक नवे बेट आखले होते आणि वर भर म्हणून कॅप्टनला ‘जरा वेगाने चला’ असे पहिल्याच दिवशी सांगितले होते. चौथ्या दिवशी सकाळी त्याने अदबीने हिशेबाची वही माझ्यापुढे ठेवली. इंधनानेच निम्म्याहून अधिक रक्कम गिळली होती. दोष त्याचा नव्हता. पाण्यातून जड बोट ढकलताना लागणारी शक्ती वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दहा टक्क्यांनी कमी केला तर इंजिनावरचा भार सुमारे एक चतुर्थांशाने उतरतो आणि तेच अंतर कापायला जवळजवळ पंचमांश इंधन कमी लागते. हे मला शाळेत शिकवले होते, पण तेव्हा इंधनाचे बिल माझ्या नावाने येत नव्हते! तू सात दिवसांत सात बंदरे लिहिली आहेस. त्यातली तीन खोडून टाक. शिवाय जिथून निघालो तिथेच परत येणारा मार्ग निवड, कारण बोट दुसऱ्या बंदरात सोडली तर ती रिकामी परत नेण्याचा खर्च बहुधा तुझ्याच माथी येईल.

ऑगस्टाबद्दलही माझे मत वेगळे आहे. तुला ग्रीसच्या पूर्वेकडच्या एजियन समुद्रातली बेटे हवी आहेत, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तिथे उत्तरेकडून ‘मेल्टेमी’ नावाचा वारा दिवसच्या दिवस वाहतो, आकाश निरभ्र असूनही समुद्र उसळलेला असतो. तुझ्या आईला तलावातल्या नावेतही बोट लागत असे, हे मी विसरलेलो नाही. शाळा बुडवणे शक्य असेल तर सप्टेंबर घे, कारण तेव्हा पाणी जूनपेक्षाही उबदार असते, गर्दी ओसरलेली असते आणि दरही खाली येतात. ऑगस्टच हवा असेल तर ग्रीसच्या पश्चिमेकडचा आयोनियन समुद्र बघ, तो पुष्कळ शांत असतो. हिवाळ्यात कॅरिबियनला जायचा विचार असेल तर तिथला वादळांचा काळ 1 जून ते 30 नोव्हेंबर असा धरला जातो, म्हणून डिसेंबरपासून पुढचाच आठवडा घ्यावा. मात्र नाताळ आणि नववर्षाचे दिवस वर्षभर आधी भरलेले असतात.

बोट निवडताना फोटोंतल्या झुंबरांकडे पाहू नकोस. विचारायचे ते हे, की बोटीचे डोलणे कमी करणारे स्टॅबिलायझर फक्त चालत्या बोटीतच काम करतात की नांगरावर उभी असतानाही, कारण रात्रीची झोप दुसऱ्यावर अवलंबून असते. जेवणाच्या डेकपासून केबिनपर्यंत किती पायऱ्या आहेत आणि त्या किती उभ्या आहेत, मुख्य डेकवर एखादी केबिन आहे का, धक्क्यावरून बोटीवर यायच्या फळीला कठडा आहे का, हे तुझ्या वडिलांच्या गुडघ्यांसाठी विचार. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे कॅप्टन आणि आचारी त्या बोटीवर किती हंगाम आहेत. आठवडाभर तुम्ही एका तरंगत्या घरात या लोकांसोबत राहणार आहात. जुनी बोट आणि जमलेला क्रू मला नव्या बोटीवरच्या नवख्या क्रूपेक्षा केव्हाही परवडतो. चांगला ब्रोकर बोटींच्या प्रदर्शनांना जाऊन बोटी पाहतो आणि क्रूला भेटतो, म्हणून ‘तुम्ही स्वतः या बोटीवर गेला आहात का?’ हा पहिला प्रश्न विचार. त्याचे कमिशन मालकाच्या रकमेतून जाते, तेव्हा त्याच्याकडून काम करून घेताना संकोच नको.

करार बहुधा यॉट-ब्रोकरांच्या ‘मायबा’ या संघटनेच्या नमुन्यावर असेल. सही करताना निम्मी रक्कम आणि निघण्याच्या साधारण महिनाभर आधी उरलेली निम्मी व एपीए, असा रिवाज आहे. बोट वेळेवर मिळाली नाही, मध्येच बंद पडली किंवा तूच बेत रद्द केलास तर काय, ही तीन कलमे दोनदा वाच, आणि रद्द होण्याचा विमा अनामत भरण्याच्या दिवशीच काढ. बोटीची नोंदणी व्यावसायिक चार्टरसाठी आहे आणि त्या देशाचा परवाना आहे याची प्रत माग. बँक खाते बदलल्याचा ई-मेल आला तर आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर फोन केल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नकोस. अशा फसवणुका या व्यवसायात होतात. हवामानाबाबत शेवटचा शब्द कॅप्टनचाच राहील हेही करारातच असते, तेव्हा मुलांना ते आत्ताच सांगून ठेव.

निघण्यापूर्वी काही आठवडे पाहुण्यांच्या आवडीनिवडी विचारणारा एक लांबलचक अर्ज येईल. आम्ही तो घाईत ‘सर्व चालेल’ असे लिहून पाठवला, आणि माझ्या सासऱ्यांना पहाटे पाचला उठून डेकवर बसायची सवय आहे हे क्रूला दुसऱ्या दिवशी, आपली झोप मोडल्यावर कळले. पथ्य, औषधे, कोणाला पोहता येत नाही, कोणाचे कोणाशी जमत नाही, सगळे लिही. सामान मऊ पिशव्यांतच आण, कडक सुटकेस ठेवायला बोटीत जागा नसते. आणि पादत्राणे चढतानाच टोपलीत जमा करावी लागतात, तेव्हा तुझे नवे बूट घरीच राहू देत.

पाहुण्यांची यादी बाराची करायची की बोटी दोन करायच्या, एवढे आधी घरात ठरव, कारण त्याशिवाय ब्रोकरने पाठवलेल्या कोणत्याही पर्यायाला अर्थ नाही. कराराचा मसुदा आला की सहीपूर्वी मला पाठव. माझ्या जुन्या कराराची प्रत मी शोधून ठेवली आहे, दोन्ही शेजारी ठेवून वाचू.

आईवडिलांना माझा साष्टांग नमस्कार सांग, वहिनींना नमस्कार आणि मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझाच,
जुना मित्र